तुम्ही विचारलंत म्हणून: हा आजार बायकांनाच जास्त का होतो?

आईला किंवा सासूला दाखवायला आणणाऱ्या मुली-सुना तपासणी आटोपल्यावर दाराशी थबकतात आणि मला हेच विचारतात, ‘डॉक्टर, अल्झायमर बायकांनाच जास्त का होतो?’ बायका जास्त जगतात, हे नेहमीचे उत्तर खोटे नाही. परंतु तेवढ्यावर विषय संपवणे मला पटत नाही.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तपासलेली ऑगुस्ट डेटर ही रुग्ण ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत जे प्रथिनांचे साके आणि गुंतलेले तंतू सापडले, त्यांच्यावरून हा आजार ओळखला जाऊ लागला. मात्र मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याची नोंदही त्यांनी केली होती, ती मागे पडली. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो आणि तो सारा या वाहिन्यांतूनच येतो. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे त्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन त्या सैलावतात. पाळी गेल्यावर हा आधार सुटतो आणि रक्तदाब चढू लागतो. मग इस्ट्रोजेन गोळ्यांनी द्यावे, असे कोणालाही वाटेल; पण ६५ वर्षांपुढील स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक एकत्र देऊन पाहिलेल्या अमेरिकेतील चाचणीत स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाल्याचे २००३ मध्ये आढळले.

मला अधिक खुपते ते बाळंतपणाचे विस्मरण. एका मुलीने आईच्या कागदांच्या पिशवीतून स्वतःच्याच जन्माच्या वेळचे, आईचे घडीवर फाटलेले कार्ड काढून दिले. आठवा महिना, पायांवर सूज, रक्तदाब १६०/११०, असे त्यावर निळ्या शाईत लिहिलेले होते. बाळंतपणानंतर आईचा दाब उतरला आणि पुढे कित्येक वर्षे तो कोणी मोजलाच नाही; घरात यंत्र आले तेही वडिलांसाठी. गरोदरपणी दाब असा चढलेल्या स्त्रियांना पुढे पक्षाघाताचा आणि रक्तवाहिन्या बिघडून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो, आणि उतारवयात हा स्मृतिभ्रंश व अल्झायमर पुष्कळदा एकाच मेंदूत नांदतात.

म्हणून आता आईविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देता देता मी मुलीलाच विचारते, ‘तुमच्या बाळंतपणात दाब वाढला होता का, आणि शेवटचा कधी मोजलात?’ त्या मुलीला आठवेना. ती ४६ वर्षांची होती. तिथेच खुर्चीत बसवून, पाच मिनिटे शांत राहायला सांगून मी तिच्या दंडाला पट्टा बांधला; दाब १४८/९४ भरला.