लाल ठिपका दगडावर, तापमान काचेचे

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करताना माझा बराचसा वेळ प्राण्यापेक्षा त्याची पेटी तपासण्यात जातो, हे सांगून कोणाला पटत नाही. पाळीव घोरपड सुस्तावली, खाईनाशी झाली किंवा खाल्लेले पचवेनाशी झाली, की औषधाआधी मी तिला मिळणाऱ्या उष्णतेची चौकशी करते, कारण शरीर छत्तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय तिचे पचनही धड चालत नाही.

दीड वर्षाची एक सवाना घोरपड (आफ्रिकेतली एक जात) माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या खांद्यांच्या मधोमध नाण्याएवढा काळपट, कडक चट्टा होता. आधीच्या डॉक्टरांनी बुरशीचे मलम दिले होते. खवल्यांवरचा प्रत्येक डाग बुरशीच्या नावावर टाकून मोकळे होण्याची आमच्या व्यवसायातली ही सवय मला मुळीच आवडत नाही. तो चट्टा भाजल्याचा होता. मालकाने मात्र माझ्यापुढे एक वही ठेवली, जिच्यात चौदा महिने, दिवसातून तीन वेळा, घोरपड ज्यावर ऊब घेत पडते त्या दिव्याखालच्या दगडाचे तापमान लिहिलेले होते, आणि ते एकदाही 38 अंशांच्या वर गेलेले नव्हते.

त्या वहीने मी अस्वस्थ झाले, कारण दोन महिन्यांपूर्वी याच गृहस्थांनी फोनवर 34 हा आकडा सांगितला होता, आणि दगडाचा पृष्ठभाग 55 ते 60 अंश हवा, उष्णता वाढवा, असे मीच त्यांना सांगितले होते. त्यांनी ते निष्ठेने केले. 75 वॅटच्या जागी 100 आणि मग 150 वॅटचा हॅलोजन दिवा लावला, तरीही आकडा हलेना म्हणून तो दगडापासून जेमतेम वीतभर उंचीवर आणला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि तापमान कसे घेता ते दाखवा, म्हणाले. ते पेटीच्या बंद काचेसमोर उभे राहिले, इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला आणि लाल ठिपका अचूक दगडावर पाडला. आकडा आला 37. ठिपक्याचा प्रकाश काचेतून आरपार जातो. पण हे यंत्र ज्या दीर्घ लहरींच्या उष्णतेवरून तापमान ठरवते, त्या लहरींना काच अडवते. म्हणजे ठिपका दगड दाखवत होता आणि आकडा काचेचा होता. मी दार सरकवले आणि पुन्हा मोजले: 94. घोरपडीची पाठ तर दगडापेक्षाही दिव्याच्या जवळ असते.

थर्मोस्टॅटने दिवा बंद का केला नाही, हेही लगेच कळले. त्याचा तापमान टिपणारा प्रोब पेटीच्या मध्यावर हवेत लोंबत होता, आणि वरच्या जाळीतून ऊब निघून जात असल्याने हवा 30 अंशांच्या पुढे जातच नव्हती. त्यामुळे थर्मोस्टॅटच्या लेखी पेटी थंडच होती.

प्राणी उठून का गेला नाही, असे मालक पुनःपुन्हा विचारत होते. दिव्याचा झोत इतका अरुंद होता की खांदे भाजत असताना शेपटीचे मूळ 29 अंशांवरच होते. अंग आतून तापेना म्हणून ती बिचारी तिथेच पडून राहिली. रुंद झोताचे, कमी वॅटचे तीन दिवे शेजारी शेजारी, अधिक उंचीवर बसवले, तर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे सगळे अंग एकदम तापते, आणि मग 58 अंशांच्या दगडावरूनही घोरपड काही वेळात आपणहून सावलीत निघून जाते. आम्ही तेच केले, दिव्यांना डिमर जोडला, जाळीचा बराचसा भाग फळीने झाकला आणि दुसरे टोक 27 अंशांवर राहील असे पाहिले. जखमेला सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम चालू आहे. ती पुरती भरायला अजून काही वेळा कात टाकावी लागेल.

मालक माझ्यावर रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त खटकते. फोनवर मी आकडा विचारला होता, तो कसा मिळवला हे विचारले नव्हते. आता विचारते. गेल्याच आठवड्यात एका तरुणाने 35 हा आकडा ठणकावून सांगितला. मोजताना दार उघडे होते का, या प्रश्नावर मात्र तो बराच वेळ काहीच बोलला नाही.