फणसाचे कबाब आणि प्रोटीन

"घे गं आत्या, मटणाला तोडीस तोड आहे. प्रोटीनसुद्धा!" म्हणत भाच्याने फणसाच्या कबाबांची प्लेट पुढे सरकवली.

चव खरंच झकास. पण ते 'प्रोटीनसुद्धा' डोक्यात अडकलं.

कच्च्या फणसात १०० ग्रॅममागे प्रोटीन जेमतेम २-३ ग्रॅम. शिजवलेल्या चिकनमध्ये २५ च्या वर. फणसाचे धागे मांसासारखे सुटतात, एवढंच.

सोयाचं वेगळं. कोरड्या सोया वड्यांत १०० ग्रॅममागे ५० च्या आसपास, आणि दर्जाही उत्तम. फक्त हा आकडा कोरड्या वजनाचा. भिजल्यावर त्याच वड्या दुप्पट-तिप्पट जड होतात, हा हिशेब कोण करतं? मांसातून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व तर कंपनीने वरून घातलं असेल तरच मिळणार. मांसाऐवजी म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार शाकाहारी पॅटीत बऱ्याचदा खोबरेल तेल असतं, म्हणजे संपृक्त चरबी आलीच. मीठही सढळ हाताने. पाकिटाची मागची बाजू वाचाच एकदा.

भाच्याने मांस सोडलंय ते प्राण्यांसाठी, आणि ते मला पटतं. पण त्याच मुलासमोर मटकीची उसळ ठेवली की, "हे काय रोजचंच!"

तुमच्याकडेही असंच आहे का?