मेरापीच्या उतारावर: धोक्याचा नकाशा आणि पोटाचा नकाशा

इंडोनेशियातील जावा बेटावरचा मेरापी ज्वालामुखी पाहायला जाणाऱ्या बहुतेकांची नजर शिखरावर असते. आम्ही मात्र योग्यकार्ताहून उत्तरेकडे निघालो ते, जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर माणसे कशाच्या आधारावर राहतात आणि त्यासाठी कोणती जोखीम पत्करतात, हे सरकारी धोका-नकाशा हाती घेऊन पाहण्यासाठी.

या नकाशात परिसराचे तीन पट्टे केले असून तिसरा पट्टा शिखराच्या सर्वांत जवळचा व सर्वाधिक धोक्याचा आहे. पट्टे वर्तुळाकार नाहीत. तप्त वायू, राख आणि दगड यांचे लोट दऱ्यांमधून वाहत असल्यामुळे ते नद्यांच्या खोऱ्यांबरोबर लांबवर खाली उतरतात. गेंडोल नदीच्या काठावर हे लगेच पटते. ५ नोव्हेंबर २०१० रोजी ज्या पात्रातून लोट शिखरापासून १५ किलोमीटरच्याही पुढे गेला, त्याच पात्रात वाळू भरून घेण्यासाठी ट्रकांची रांग लागलेली होती आणि माणसे फावड्याने गाळ उपसत होती. उद्रेकाने आणून टाकलेली वाळू बांधकामाला उत्तम असते, त्यामुळे सर्वाधिक धोक्याची जागा हीच रोजगाराची जागा ठरते. नकाशावरचा रंग मात्र तिथे दिवसा किती माणसे असतात हे सांगत नाही.

गुरांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. २०१० मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले आणि सुमारे ३५० जणांचा बळी गेला. छावण्यांत पोहोचलेले अनेक जण गाईंना चारा घालण्यासाठी दिवसा परत वर जात होते आणि त्यांतले काही परतले नाहीत. अखेर सरकारने गुरे विकत घेण्याची तयारी दाखवली. ज्याची सारी पुंजी गोठ्यात बांधलेली आहे, त्याला केवळ भोंगा वाजवून घराबाहेर काढता येत नाही, म्हणून स्थलांतराच्या आराखड्यात गुरांची सोय आधी यायला हवी, असे आमचे मत झाले. पुनर्वसन वसाहतींतील घरे ३६ चौरस मीटरची, नीटनेटकी आहेत. वरच्या जमिनीत राहण्यास बंदी असली तरी शेती आणि गवतकापणी चालूच आहे. रात्रीची जोखीम उतरली, दिवसाची तिथेच राहिली.

सिसा हार्ताकू हे छोटे संग्रहालय चुकवू नये. उद्रेकात जळालेल्या घरातच ते उभारले असून वितळलेले घड्याळ, मोटारसायकलींचे सांगाडे आणि गाईची हाडे तिथे ठेवली आहेत. कालियादेमचा बंकरही पाहावा. २००६ मध्ये त्यात आसरा घेतलेल्या दोघांचा मृत्यू झाला होता. जीपवाले नदीच्या पाण्यातून गाडी उडवण्यात वेळ घालवतात. तो वेळ या दोन ठिकाणांना द्या, असे आधीच बजावावे.

जाणाऱ्यांनी निघण्याच्या दिवशी सकाळी इशाऱ्याची पातळी तपासावी. पातळ्या चार असून चौथी सर्वांत गंभीर. नोव्हेंबर २०२० मध्ये मेरापीवर तिसरी, म्हणजे 'सियागा', लागू झाली. त्यानंतर ठरलेली, शिखरापासूनची धोक्याची अंतरे खोऱ्यानुसार वेगळी आहेत: नैर्ऋत्येकडील काही नद्यांच्या बाजूने ७ किलोमीटर, तर आग्नेयेकडील वोरोच्या बाजूने ३ किलोमीटर. त्यामुळे 'शिखर अजून लांब आहे' हा अंदाज कामाचा नाही. आपण कोणत्या नदीच्या खोऱ्यात आहोत हे चालकाला विचारावे. २०१८ पासून बंद असलेल्या शिखराच्या वाटेवर नेतो म्हणणाऱ्या वाटाड्याला सरळ नकार द्यावा.

राखेसाठी चांगला मुखपट्टा आणि गॉगल जवळ असावा. कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात. राखेमुळे विमाने रद्द होऊ शकतात, म्हणून परतीच्या आधी एखादा मोकळा दिवस ठेवावा आणि प्रवासविम्यात ज्वालामुखीचा उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे. पावसाळ्यात डोक्यावर ऊन असले तरी शिखराकडे ढग दाटले की नदीपात्रातून बाहेर पडावे, कारण राख-चिखलाचा लोंढा वरच्या पावसावर येतो. २०११ च्या जानेवारीत पुतिह नदीच्या अशाच लोंढ्याने योग्यकार्ता–मागेलांग महामार्ग तोडला होता. बोरोबुदुरला जाणारे प्रवासी हाच रस्ता धरतात, तेव्हा मुसळधार पावसाच्या दिवशी पर्यायी वाट आधीच विचारून ठेवावी.