आमची वाटचाल: आपल्याच गेमकडे परक्याच्या नजरेने पाहताना

आम्ही तिघांनी स्टुडिओ सुरू केला तेव्हा आमच्याकडे एकच कल्पना होती आणि तिच्यावर माझा जीव जडला होता. दिव्याची दिशा बदलून सावल्या लांबवायच्या आणि त्या सावल्यांवरून पात्राला पलीकडे न्यायचे, असा तो कोड्यांचा गेम होता. सावल्यांचे सगळे गणित मी स्वतः लिहिले होते आणि त्यातील गुंतागुंत वाढेल तितका गेम समृद्ध होईल, असे मला मनापासून वाटत होते.

प्लेटेस्टच्या, म्हणजे अपुरा गेम लोकांना खेळायला देऊन तपासण्याच्या, वेळी मी खेळाडूच्या मागे उभा राहून 'आधी दिवा फिरवा, मग उडी मारा' असे सांगत असे. खेळाडू पुढे गेला की ते मी गेमचे यश समजत असे. गेम प्रसिद्ध झाल्यावर मात्र मागे उभे राहून सांगणारे कोणी नव्हते आणि बहुतेकांनी तो तिसऱ्या लेव्हलपर्यंतही नेला नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले, की ज्याने लेव्हल बांधली त्याने प्लेटेस्टमध्ये एक शब्दही बोलायचा नाही. पहिल्याच वेळी एक खेळाडू बराच वेळ एका भिंतीवर उड्या मारत राहिला, कारण त्या भिंतीला मी दाराचाच रंग दिला होता. ते मुकाट्याने पाहणे मला फार जड गेले. पण माझ्या डोक्यातला गेम आणि पडद्यावरचा गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी उमगले.

या संदर्भात टेट्रिसचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत हा गेम रचला, तेव्हा त्यांच्यासमोर पाच चौकोनांच्या तुकड्यांचे जुने कोडे होते. त्याचे 12 आकार खेळायला अवघड ठरतात हे पाहून ते चार चौकोनांच्या 7 आकारांवर आले. ज्या कोड्याची आवड होती, त्यातलेच आकार बाजूला ठेवण्याची तयारी त्यांनी दाखवली आणि पुढे तो गेम जगभर, सर्व वयांच्या लोकांनी खेळला. शिगेरू मियामोतो यांच्या 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील पहिली लेव्हलही इतर बऱ्याच लेव्हल तयार झाल्यावर बांधली गेली. नवख्या खेळाडूला काय शिकवायचे, हे तोवर स्पष्ट झाले होते.

आम्हीही तीन दिव्यांऐवजी एकच दिवा ठेवला आणि मी लिहिलेले निम्म्याहून अधिक गणित काढून टाकले. सुधारित गेम अशा लोकांनी शेवटपर्यंत खेळला, ज्यांनी त्यापूर्वी हातात कंट्रोलरही धरला नव्हता.

अलिप्तपणाचा अतिरेकही आम्ही करून पाहिला आहे. दुसरा गेम आम्ही केवळ आकडे पाहून, खेळाडू जिथे अडतो तो प्रत्येक अडसर काढत बांधला. तो कोणालाच अवघड गेला नाही आणि कोणाच्या लक्षातही राहिला नाही. म्हणून आता प्रोटोटाइप, म्हणजे गेमचा पहिला कच्चा नमुना, बांधताना आम्ही पूर्ण जीव ओततो आणि अलिप्तता नंतर आणतो: लेव्हल पंधरा दिवस उघडायची नाही, मग दुसऱ्याच सहकाऱ्याने खेळतानाचे रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहायचे.

सध्याच्या गेममधील माझी सर्वांत आवडती लेव्हल गेल्या प्लेटेस्टमध्ये तिघांनी अर्ध्यावर सोडली. ती आता पंधरा दिवसांसाठी बाजूला ठेवली आहे.