वसुलीवाला आता उधारी मागतोय

मागच्या आठवड्यात एका जुन्या कलीगचा फोन आला, म्हणाला मी पण बँक सोडायचं म्हणतोय राव, तू कसं केलंस सांग. अर्धा तास त्याला माझ्या हळद पावडरीच्या धंद्याचं मशीन, लायसन, लोन सगळं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मेन गोष्ट राहूनच गेली. म्हणून लिहायला बसलोय.

मी अकरा वर्षं बँकेत होतो. कुठल्या ते नको, सांगलीत सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यातली शेवटची सहा वर्षं वसुलीला. हप्ता थकला की आधी फोन, मग घरी चक्कर, मग जामीनदाराकडं चक्कर, मग नोटीस. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ सगळा पट्टा मोटरसायकलवर पालथा घातलाय. एका जामीनदाराला त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात गाठलेला माणूस आहे मी, त्यात अभिमान वाटण्यासारखं काय नाही पण खोटं कशाला बोलू. मार्च एंडिंगला तर आमचा चेहरा बघून लोक गल्ली बदलायचे.

नोकरीत त्रास होता म्हणून सोडली असं काय नाही, साहेब चांगले होते, पगार एक तारखेला पडायचा. झालं असं की आमची आई दरवर्षी मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंड आणायची आणि डंकीवर नेऊन दळून आणायची. तिच्यातलं अर्धा किलो एकदा ब्रँचमध्ये एकाला दिलं, पुढच्या वर्षी पाच जणांनी मागितलं, मग त्यांच्या पाहुण्यांनी, आणि 2021 च्या सीझनला आम्ही एकशे साठ किलो दळली, घरात! सोफ्यावर हळद, पडद्यावर हळद, शेजारीण म्हणाली लग्न काढलंय का कुणाचं. हळदीची एवढी मोठी बाजारपेठ आपल्या गावात आणि आपण बाहेरची पुडी फोडून खातो हे त्या वर्षी डोक्यात बसलं ते बसलंच.

मार्च 2022 चं क्लोजिंग करून राजीनामा टाकला. बायको शाळेत आहे, तिचा पगार आहे म्हणून धाडस झालं, हे उघड सांगतो. एकट्याच्या जिवावर केलं वगैरे गोष्टी मी सांगणार नाही. ग्रॅच्युइटी आली दोन लाख पंधरा हजारच्या आसपास (शेवटच्या बेसिक अधिक महागाई भत्त्याचे पंधरा दिवस धरून त्याला वर्षांनी गुणायचं, महिना सव्वीस दिवसांचा, हा हिशोब मी लोकांना समजावून सांगायचो). पण एक गोष्ट मी स्वतःच विसरलो होतो, घराचं कर्ज स्टाफ रेटनं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजानं होतं. राजीनामा मंजूर झाला आणि ते साध्या रेटवर गेलं, हप्ता एकदम वाढला. बँकेत काम करणाऱ्या कुणाच्या डोक्यात राजीनाम्याचा किडा असेल तर पहिलं हे बघा, बाकी सगळं नंतर.

आण्णा, म्हणजे वडील, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना फक्त एवढंच विचारलं, "गाळा कुठं बघितलास? पाणी येतं का तिथं?"

सांगलीत हा पहिला प्रश्न असतो आणि बरोबरच असतो. पाणी म्हणजे पुराचं. 2005 चा पूर बघितला, 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या पुढं गेलेली बघितली, धोका पातळी 45 ची, आणि 2021 ला परत. हरिपूरच्या पेवांचं काय झालं आण्णांनी डोळ्यांनी बघितलेलं, जमिनीखाली हळद साठवायची जुनी पद्धत ती, 2005 च्या पाण्यानं बरीच निकामी केली. त्यामुळं मार्केट यार्डाजवळचा स्वस्त गाळा सोडला आणि कुपवाड एमआयडीसीत थ्री फेज असलेला छोटा गाळा घेतला, भाडं जास्त पण वर आहे.

कागदपत्रांचं लोक उगाच भ्या घालतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाईन फुकट होतं, एजंटला दोन हजार देऊ नका. फूडचं बेसिक रजिस्ट्रेशन मी केलं तेव्हा बारा लाखाच्या आत उलाढाल असली की वर्षाला 100 रुपयात व्हायचं. वजनमापे खात्याची पॅकर नोंदणी मात्र बरेच जण विसरतात. मी सुरू केलं तेव्हा पीएमएफएमई म्हणून छोट्या खाद्य उद्योगांसाठी केंद्राची योजना होती, मशिनरीला 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त दहा लाख. आणि सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून मी हौसेनं तो शिक्का पाकिटावर छापायला निघालो होतो, तर त्याला वेगळी नोंदणी लागते, नुसतं सांगलीत राहून चालत नाही. बरं झालं छापायच्या आधी कळलं.

हळदीनं मात्र मला शिकवलं चांगलं. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, दाबून चालवला की तापतो आणि रंग काळपट पडतो, म्हणून थांबत थांबत दळायची. हळकुंड नीट वाळलेलं आहे का ते मोडून बघायचं, कट्‌कन आवाज आला पाहिजे, नाहीतर ओलीचं वजन आपल्या बोकांडी. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे पहिल्या लॉटला मी पारदर्शक पाऊच घेतले, रंग दिसू दे गिऱ्हाइकाला म्हणून. दुकानदारांनी माळा करून दारातच टांगल्या, समोरून ऊन. हळदीचा रंग उजेडानं उडतो, दीड महिन्यात माझी राजापुरी बेसनासारखी दिसायला लागली आणि चाळीस किलो माल परत. आईनं नुसतं एवढंच म्हटलं, "आपण डब्यात का ठेवतो रे?"

आता ती मेन गोष्ट. मला वाटलेलं मशीन अवघड असेल, मार्केटिंग अवघड असेल. अवघड गेलं ते पैसे मागणं. मला! सहा वर्षं दुसरं काय केलं नाही त्या माणसाला!

किराणा दुकानात माल ठेवायचा म्हणजे उधारीवर, विकला की पैसे, हा रिवाज. मग चक्कर मारली की "आज गल्ला झाला नाही", "मालक बाहेर गेलेत", "सोमवारी या की". ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत, बँकेत असताना मी त्यातलं कुठलं खरं कुठलं खोटं आवाजावरून ओळखायचो, आणि आता त्याच वाक्याला मी "बरं बरं, राहू दे, काय घाई नाही" म्हणून बाहेर येतो. काय घाई नाही? हप्ता वाढलाय माझा! फरक एवढाच की तेव्हा पैसे बँकेचे होते, आता माझे आहेत आणि समोर मामाचा दोस्त बसलाय.

वहीत मी बँकेसारखे शेरे मारायला लागलो. तीस दिवसांपर्यंत एसएमए झिरो (एसएमए म्हणजे थकायला लागलेलं, नजर ठेवायचं खातं), साठपर्यंत एसएमए वन, नव्वदपर्यंत एसएमए टू, पुढं एनपीए, म्हणजे थकीत खातं. मामाचा दोस्त एनपीए होऊन सात महिने झालेत. 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योजकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचं कलम आहे, ते काय मी त्यांना दुकानात उभं राहून वाचून दाखवू? दिवाळीला घरी येतात ते.

दोन महिन्यांपूर्वी तासगाव रोडला एका दुकानात गेलो तर मालक बघून उठूनच उभा राहिला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. 2018 ला त्याच्या टेम्पोच्या कर्जासाठी मी त्याच्या दारात तीनदा जाऊन बसलो होतो. मला वाटलं आता हा हाकलणार. त्यानं चहा सांगितला, दहा पाकिटं ठेवून घेतली. परवा परत गेलो, माल संपला होता, मी आपलं नेहमीसारखं हसत हसत म्हटलं, "मागचं थोडं बाकी होतं, जमलं तर बघा."

तो म्हणाला, "साहेब, पैसे मागताना हसताय कशाला? आमच्या दारात हसत नव्हता."

मी गप्प. त्यानं मागची बाकी मोजून दिली, आणखी वीस पाकिटं घेतली आणि त्याचे पण रोख काढले. बारा रुपये सुट्टे नव्हते, म्हणाला पुढच्या वेळी. मी वही काढली आणि त्याच्यासमोरच लिहिलं, बाकी 12. न हसता.