रेमिंग्टन १८५८ आणि जास्तीचा सिलिंडर: तीन महिन्यांनी

मार्चमध्ये माझ्या रेमिंग्टन १८५८ रिव्हॉल्व्हरसाठी दुसरा सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरणारा भाग, घेतला तेव्हा वाटलेलं सहाच्या जागी बारा गोळ्या, झालं काम. आज जूनमध्ये पहिल्यांदा दोन्ही सिलिंडर दोनदा भरून २४ राउंड न अडकता मारले, इतका आनंद झालाय की घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, माझी रिव्हॉल्व्हर म्हणजे रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीची इटलीत बनलेली प्रतिकृती, .४४ ची, कॅप अँड बॉल. काडतूस नाहीच, प्रत्येक चेंबरमध्ये काळी पावडर, वर शिशाचा बॉल आणि मागे निपल नावाच्या छोट्या नळीवर कॅप, म्हणजे हॅमर आदळला की पावडर पेटवणारी छोटी टोपी. सहा चेंबर भरायला मला पाचेक मिनिटं लागतात, मग आधीच भरून ठेवलेला अख्खा सिलिंडरच बदलायचा. रेमिंग्टनची फ्रेम वरून बंद, त्यामुळे बॅरलला हात लावावा लागत नाही, हॅमर हाफ-कॉकवर (अर्धा मागे) घ्या, लोडिंग लिव्हर (बॅरलखालचा, बॉल दाबून बसवायचा दांडा) खाली करा, सिलिंडर जिच्यावर फिरतो ती पिन पुढे ओढा की सिलिंडर बाजूने हातात येतो. कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधी वेज (पाचर) ठोकून बॅरल उतरवावी लागते. तरी जास्तीच्या सिलिंडरची पद्धत कोल्टपासूनचीच, १८३६ च्या पाच गोळ्यांच्या कोल्ट पॅटरसन रिव्हॉल्व्हरच्या पेटीत तो मिळायचा. तीच पॅटरसन घेऊन जॅक हेजचे टेक्सास रेंजर्स (टेक्सासचं सशस्त्र घोडेस्वार दल) १८४४ मध्ये वॉकर्स क्रीकला कोमांचे या मूळ अमेरिकी जमातीशी लढले. मी सॅन अँटोनिओत राहतो, ती जागा इथून वायव्येला, फार लांब नाही, त्या बाजूला गेलो की दर वेळी त्या लढाईचीच आठवण येते.

आता खरा त्रास. पहिला सिलिंडर मस्त चालायचा, दुसऱ्याच्या चौथ्या-पाचव्या गोळीला हॅमर ओढताना जड लागायचं आणि पुढे सिलिंडर फिरायचाच बंद. मी दोन आठवडे नव्या सिलिंडरवर संशय घेत बसलो, पण दोष पिनचा होता. रेमिंग्टनची पिन बारीक, सिलिंडरच्या तोंडाशी उडणारी काजळी थेट तिच्यावर बसते आणि कडक होते. कोल्टमध्ये सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा जाड, त्यावर ग्रीस धरायला खाचा असतात म्हणून तो इतक्या लवकर जाम होत नाही. आता मी मेण आणि चरबीचं ग्रीस पिनवर भरपूर लावतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पिन आणि सिलिंडरचं तोंड ओल्या फडक्याने पुसतो. पुसण्यात १५ सेकंद जातात पण ते सोडू नका, बारा गोळ्या खऱ्या अर्थाने त्या फडक्यामुळेच मिळतात.

वेळ म्हणाल तर पहिल्या दिवशी बदलायला दीड मिनिट, आता पुसणं धरून ४० सेकंद. घालताना सिलिंडर हलकेच फिरवत आत सरकवायचा, नाहीतर त्याला फिरवणारा आतला छोटा दांडा आडवा येतो.

घ्यायचा असेल तर तुमच्या रिव्हॉल्व्हरच्याच कंपनीचा घ्या, आणि तरीही रिकामाच बसवून सहाही चेंबर बॅरलसमोर नीट येऊन लॉक होतात का बघा. कॅप मात्र सिलिंडर फ्रेममध्ये बसल्यावर, नळी टार्गेटकडे ठेवूनच लावायच्या. कॅप लावलेला सुटा सिलिंडर हातातून पडला तर गोळी सुटू शकते, मी खिशात नेहमी कॅपशिवायचाच ठेवतो.

पुढचं काम ग्रीसचं, इथल्या उन्हात ते वितळून पाणी होतंय, मेण वाढवून बघतोय.