दारूच्या प्याल्यातला देव

म्युनिकच्या पुराणवस्तू संग्रहालयात एक मातीचा प्याला आहे. अथेन्सच्या एक्सेकियासने इ.स.पू. 530 च्या सुमारास केलेला. म्हणायचं प्याला, पण रुंदीला चांगला ताटाएवढा, उथळ आणि दोन कानांचा. आत शेंदरी रंगावर एक शिडाचं जहाज, आणि त्यात ऐसपैस पहुडलेला डायोनिसस, ग्रीकांचा वाइनचा देव. डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, त्याला सात घड लगडलेत, भोवती सात डॉल्फिन. समुद्राची मात्र एक रेघ नाही. कशाला हवी? वाइन ओतली की समुद्र तयार!

मला नवल वाटतं ते या सलगीचं. आपल्याकडे पत्रिकेवर गणपती असला तर लग्न होऊन वर्ष उलटलं तरी ती रद्दीत टाकायला हात धजत नाही. इथे देव थेट तोंड लावायच्या भांड्यात. उष्ट्याचा विधिनिषेध नाहीच, वर अशा प्याल्याच्या तळाशी उरलेला घोट नेम धरून भिरकावायचा कोट्टाबोस नावाचा खेळही बैठकीत रंगायचा. प्याल्याच्या बाहेरच्या अंगाला मोठाले डोळे काढलेत. पिणाऱ्याने तो तोंडाला लावून कलता केला की समोरच्यांना त्याच्या चेहऱ्याजागी मुखवटा दिसणार.

देवांच्या घरातली भांडणंही या लोकांनी झाकून ठेवली नाहीत. फ्लोरेन्समध्ये इ.स.पू. 570 च्या आसपासचं वाइनमध्ये पाणी मिसळायचं एक भलंमोठं भांडं आहे, क्लायटियासने रंगवलेलं. त्यावर हेफायस्टस या लोहारदेवाची वरात आहे. आई हेराने त्याला देवांच्या ऑलिंपस पर्वतावरून फेकून दिलं, म्हणून या कारागीर पोराने तिला एक सिंहासन धाडलं. ती त्यावर बसली ती अडकलीच! सोडवायला तो येईना. शेवटी डायोनिससने त्याला यथेच्छ पाजलं आणि खेचरावर बसवून आणलं. मला त्यात सगळ्यात आवडतो तो कोपऱ्यातला युद्धदेव एरीस. त्याच्या दांडगाईने जमलं नाही ते दारूने जमलं, म्हणून बुटक्या बैठकीवर हिरमुसून बसलाय, आणि अथेना देवी मान वळवून त्याच्याकडे बघतेय. त्या बघण्यातला कुजकेपणा अडीच हजार वर्षांत जराही उतरलेला नाही.

तर ते सात डॉल्फिन. जुन्या ग्रीक स्तोत्रात गोष्ट आहे की चाच्यांनी डायोनिससला राजपुत्र समजून पळवलं. जहाजावर द्राक्षाचा वेल फुटला, देवाने रूप पालटलं, आणि घाबरून समुद्रात उड्या टाकलेल्या चाच्यांचे डॉल्फिन झाले. स्तोत्र त्या चाच्यांना टिरेनियन म्हणतं. ग्रीक लोक इटलीतल्या एट्रुस्कनांना याच नावाने ओळखत. आणि हा प्याला सापडला कुठे, तर वुल्चीला, एट्रुस्कनांच्याच गावात. आपल्याच दर्यावर्दींची फजिती कुणीतरी तिथे हौसेने मागवली असावी.